'रेडलाइन' बघणाऱ्यांत दोन तट का पडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'रेडलाइन' या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन चित्रपटाचा विषय निघाला की हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, असा ॲक्शनपट पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणतो, चित्रं झकास, पण गोष्ट कुठे आहे? मी पहिल्या तटातली आहे, तरी दुसऱ्या तटाचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. दोन्हीकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते आणि त्यांवरची माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. शेवट फुटेल असा एकच प्रश्न आहे आणि तिथे तसं आधीच लिहिलं आहे.

चित्रपट नेमका कशाबद्दल आहे?

शर्यतीबद्दल. दूरच्या भविष्यात बहुतेकांनी चाकांच्या गाड्या सोडून हवेत तरंगणारी वाहनं धरली आहेत. चाकांवर जीव असलेली मोजकी मंडळी अजून शर्यतीत उतरतात आणि जेपी हा त्यांतलाच एक. कपाळाच्या पुढे आलेला केसांचा भलामोठा फुगा, जाकीट आणि पिवळी ट्रान्सॅम गाडी, असा त्याचा थाट. 'रेडलाइन' ही दर पाच वर्षांनी होणारी आकाशगंगेतली सगळ्यांत मोठी शर्यत. या वेळी ती रोबोवर्ल्ड नावाच्या ग्रहावर घ्यायचं ठरतं. तिथल्या लष्करी राजवटीला ती मुळीच नको आहे, इतकी की स्पर्धकांच्या जिवावर उठायची त्यांची तयारी आहे.

चित्रपट 102 मिनिटांचा आहे. दिग्दर्शक ताकेशी कोइके, मूळ कथा कात्सुहितो इशी यांची, निर्मिती मॅडहाउस या स्टुडिओची. ऑगस्ट 2009 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. जपानमधल्या प्रेक्षकांना मात्र ऑक्टोबर 2010 पर्यंत थांबावं लागलं.

यात खरंच गोष्ट नाही का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोष्ट थोडी आहे, हे मान्य. एका शर्यतीत हरलेला माणूस त्याहून मोठ्या शर्यतीत उतरतो, वाटेत त्याला एक मुलगी आवडते, एका जुन्या मित्राचा हिशेब बाकी असतो. एवढंच. जेपी मोठा झाला कसा, त्याचे आईवडील कोण, शर्यत सोडली तर त्याला आणखी काय हवंय, यातलं जवळपास काहीच सांगितलं जात नाही. ज्यांना पात्राच्या मनात शिरायची वाट संवादांतून सापडते, त्यांना हा चित्रपट दाराबाहेर उभं केल्यासारखा वाटतो. त्यात त्यांची चूक नाही.

पण पात्रांबद्दलची माहिती तोंडानेच सांगितली जायला हवी असं थोडंच आहे? इथे ती रेषेतून येते. सुरुवातीची 'यलोलाइन' शर्यत आठवा. बाकीच्यांच्या गाड्यांवर तोफा आहेत, क्षेपणास्त्रं आहेत. एकमेकांना उडवूनच पुढे जायचं, हा तिथला रिवाज. जेपीच्या गाडीवर एकही हत्यार नाही. त्याच्याकडे स्टिअरिंग आहे, ब्रेक आहे आणि राखून ठेवलेला नायट्रो, म्हणजे गाडीला एकदम जादा वेग देणारं इंधन, आहे. त्यामुळे जेपी पडद्यावर असताना जी ॲक्शन दिसते ती मारण्याची नसून चुकवण्याची असते. गाडी वाकते, सरकते, दोन स्फोटांच्या मधल्या फटीतून निसटते. हा माणूस कोणाला दुखवून जिंकणार नाही, हे तोवर आपल्याला कळलेलं असतं, आणि तसं एक वाक्यही कोणी उच्चारलेलं नसतं.

मग तो नायट्रो सोडतो. इथे थांबून बघा, अक्षरशः थांबवून. गाडी लांबत जाते. जेपीचा चेहरा ताणला जातो, गाल मागे ओढले जातात, हात रबराचे असल्यासारखे लांब होतात. वेग दाखवायची सोपी युक्ती म्हणजे मागच्या देखाव्याचे पट्टे ओढायचे. कोइके ते करतातच, पण वेगाची खरी किंमत ते त्या माणसाच्या अंगावरून वसूल करतात. आणि नेमक्या अंतिम रेषेपाशी, जिंकता जिंकता, गाडीच्या चिंधड्या उडतात. हे घडवून आणणारा असतो त्याचाच मेकॅनिक, त्याचा जिवलग फ्रिस्बी, जो शर्यतींचे निकाल आधीच ठरवणाऱ्या गुंडांच्या पंजात अडकला आहे.

पुढचा सगळा चित्रपट मला या मैत्रीचा वाटतो. निकाल ठरवल्याच्या आरोपाखाली जेपी आधीच तुरुंगात जाऊन आला आहे. फ्रिस्बी काय करतो हे त्याला कळत नाही असं नाही. तरी पुढच्या गाडीसाठीही तो फ्रिस्बीलाच धरून राहतो. दोघांचे संवाद तुटक आहेत. फ्रिस्बी नजर चुकवतो, सिगारेट ओढतो, कामाचं काहीतरी बोलून विषय बदलतो. शब्दांत शोधायला गेलात तर फार काही हाती लागत नाही. चेहऱ्यांकडे बघितलंत तर बरंच आहे.

सात वर्षं आणि एक लाख चित्रं, हे खरं की जाहिरात?

खरं. निर्मितीला सुमारे 7 वर्षं लागली आणि हाताने काढलेल्या चित्रांची संख्या 1 लाखाच्या घरातली सांगितली जाते.

हा आकडा ऐकून लोक 'बापरे' म्हणतात आणि पुढे जातात. त्याचा अर्थ जरा उलगडून बघू. चित्रपटात दर सेकंदाला 24 चौकटी असतात. प्रत्येक चौकटीला नवं चित्र काढणं ॲनिमेशनमध्ये क्वचितच घडतं. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं तर सेकंदाला 12 चित्रं लागतात, तीन चौकटी धरलं तर 8. 102 मिनिटांची 6,120 सेकंदं होतात. 12 च्या हिशेबाने, पडद्यावर एका वेळी एकच हलती गोष्ट आहे असं धरलं, तरी 73,440 चित्रं झाली. प्रत्यक्षात शर्यतीच्या दृश्यात गाडी वेगळी, धूर वेगळा, मागून येणारी दुसरी गाडी वेगळी, असे थर असतात. उलट दोन माणसं बसून बोलत असतील तिथे फक्त ओठ हलवून भागतं. म्हणजे लाखभर चित्रं चित्रपटभर समान वाटलेली नाहीत. ती शर्यतींत ओतली आहेत. पहिल्या दहा मिनिटांत आपल्याला धाप लागते ती त्यामुळेच.

रेखाटन हाताचं आहे. रंग भरणं आणि थर एकमेकांवर बसवणं संगणकावर झालं आहे. म्हणून 'यात संगणक नाहीच' असं कोणी छातीठोकपणे म्हणालं तर ते बरोबर नाही. गाड्या त्रिमितीय मॉडेल करून फिरवलेल्या नाहीत, इतकं मात्र डोळ्यांना लगेच कळतं. वळणावर प्रत्येक गाडीचा आकार थोडा खोटा होतो. तो खोटेपणा माणसाच्या हातालाच जमतो.

चेहऱ्यांवर इतका गडद काळा रंग का? काहींना तो ओबडधोबड वाटतो.

ही कोइके यांची ओळख आहे. साधारणपणे ॲनिमेमध्ये सावली म्हणजे त्याच रंगाची जरा गडद छटा. कोइके तिथे सरळ काळी शाई ओततात. नाकाखाली, गालाच्या खळग्यात, जाकिटाच्या घडीत. चित्र जड होतं, त्याला वजन येतं, आणि तेच वजन वेगात फेकलं गेलं की झटका बसतो. हलक्या, गुळगुळीत चित्रांची सवय असेल तर सुरुवातीला खुपतं. पाच-दहा मिनिटं द्या.

कोइके मॅडहाउसमध्ये दिग्दर्शक योशिआकी कावाजिरी यांच्या हाताखाली तयार झाले. 2003 साली 'ॲनिमेट्रिक्स' या संग्रहातला 'वर्ल्ड रेकॉर्ड' हा लघुपट त्यांनी दिग्दर्शित केला, आणि त्याचं लेखन कावाजिरींचं होतं. त्यात एक धावपटू शंभर मीटर धावताना शरीराची हद्द ओलांडतो. स्नायू फाटतात आणि तो धावतच राहतो. 'रेडलाइन' आवडणाऱ्यांनी तो जरूर बघावा. वेगाखाली ताणलं जाणारं शरीर हा या माणसाचा जुना ध्यास आहे, हे तिथे स्पष्ट दिसतं.

मधला भाग कंटाळवाणा आहे असं खूप जण म्हणतात. तुमचं मत?

रचनाच तशी आहे. सुरुवातीला एक शर्यत, शेवटी एक शर्यत, आणि मधला मोठा पट्टा जमिनीवर. स्पर्धकांची ओळख, पत्रकारांचा गराडा, गाडीचे सुटे भाग मिळवायची धडपड. पहिल्या शर्यतीने नाडी चढवून ठेवलेली असते, त्यामुळे हा भाग आहे त्याहून संथ भासतो.

माझ्या धाकट्या भावाने पहिल्यांदा इथेच बंद केला होता. नंतर आम्ही दोघांनी तो एकत्र बघितला तेव्हा मी त्याला एवढंच सांगितलं की कथा पुढे सरकायची वाट बघू नकोस, मागे उभ्या असलेल्या माणसांकडे बघ. मग तो पडदा थांबवून थांबवून मला दाखवायला लागला. गर्दीतल्या प्रत्येकाचं डोकं वेगळं, कातडी वेगळी, कपडे वेगळे. एकच चेहरा छापून गर्दी केलेली कुठे जाणवत नाही. चार ओळींपलीकडे काम नसलेल्या स्पर्धकांनाही स्वतःची चाल आहे, स्वतःची गाडी आहे.

रोबोवर्ल्ड आणि फंकी बॉयचं प्रकरण समजलं नाही. माझं काही सुटलं का?

सुटलं नाही, ते तसंच विस्कळीत आहे. रोबोवर्ल्डच्या लष्कराला शर्यत नको आहे, कारण कॅमेरे आले तर त्यांनी लपवून ठेवलेली शस्त्रं जगजाहीर होतील. फंकी बॉय हे त्यांतलंच एक, एक अवाढव्य जैविक अस्त्र. शर्यतीच्या धुमाळीत ते जागं होतं आणि सगळंच हाताबाहेर जातं. एवढं धरून ठेवलंत तर बाकीचं आपोआप लागतं.

चित्रपटातला मला सर्वांत कच्चा वाटणारा भाग हाच. पडद्यावर इतकं काही एकाच वेळी फुटत असतं की जेपीची गाडी नजरेतून निसटते, आणि गाडी निसटली की माझा श्वासही मोकळा होतो, जो होता कामा नये. पटकथेवर इशी यांच्यासोबत योजी एनोकिदो आणि योशिकी साकुराई अशी तीन नावं आहेत. लष्कराचा हा धागा थोडा आखडता घेतला असता तर शेवटची शर्यत आणखी धारदार झाली असती, असं मला दर वेळी वाटतं.

बायकांचं चित्रण खटकतं का?

हो, मला खटकतं. जेपीला आवडणारी ती मुलगी, सोनोशी, ही उत्तम चालक आहे. सुरुवातीची शर्यत तीच जिंकते. 'रेडलाइन' जिंकायचं हे तिचं लहानपणापासूनचं वेड आहे, आणि जेपीवर भाळणं तिच्या यादीत फार खाली येतं. हे सगळं छान आहे. त्याच सोनोशीचं एक उघडं दृश्य चित्रपटात आहे, ज्याची गोष्टीला काडीची गरज नव्हती. स्पर्धकांतली सुपरबॉइन्स नावाची जोडी तर केवळ अंगप्रदर्शनासाठी आणलेली आहे. 'त्या काळात चालायचं' हे उत्तर मला पटत नाही, चित्रपट काही फार जुना नाही. मी तो पुन्हा पुन्हा बघते आणि या जागी दर वेळी माझा रस थोडा उतरतो.

जपानी आवाजात बघावा की इंग्रजी डबिंगमध्ये?

जपानीत जेपीचा आवाज ताकुया किमुरा यांचा, सोनोशीचा यू आओई यांचा आणि फ्रिस्बीचा तादानोबू आसानो यांचा. तिघंही मूळचे पडद्यावरचे कलाकार. त्यांचं बोलणं नेहमीच्या ॲनिमे आवाजांपेक्षा दबकं आहे, रोजच्या बोलण्यासारखं. काहींना ते सपाट वाटतं. चित्रांनी इतका आरडाओरडा चालवलेला असताना मला तो दबकेपणा विसाव्यासारखा वाटतो, फ्रिस्बीच्या बाबतीत तर विशेषच.

इंग्रजीत जेपी पॅट्रिक साइट्झ यांनी केला आहे. ते डबिंगही चांगलं आहे, आणि त्याचा एक मोठा फायदा म्हणजे नजर सबटायटल्सवर खिळत नाही. या चित्रपटात पडद्याच्या तळाशी बघत राहणं परवडत नाही. म्हणून पहिल्यांदा बघणाऱ्याला मी इंग्रजी सांगते, दुसऱ्यांदा बघणाऱ्याला जपानी.

संगीताबद्दल मतं फारशी वेगळी नसतात, ते का?

कारण जेम्स शिमोजी यांचं इलेक्ट्रॉनिक संगीत गाड्यांच्या आवाजात मिसळून गेलं आहे. ठेका कुठे संपला आणि इंजिन कुठे सुरू झालं, सांगता येत नाही. हेडफोन नाहीतर बऱ्यापैकी स्पीकर लावून बघा. फोनच्या स्पीकरवर यातला अर्धा चित्रपट हरवतो.

एवढा चांगला आहे तर चालला का नाही?

तिकीटबारीवर तो पडला, हे खरं. त्याच्यामागे आधीच लोकप्रिय असलेली मांगा (जपानी चित्रकथा) नव्हती, टीव्ही मालिका नव्हती. जेपी कोण हे कोणालाच माहीत नव्हतं. 2020 मध्ये 'डेमन स्लेअर' या ॲनिमे मालिकेच्या 'मुगेन ट्रेन' या चित्रपटाने जपानमध्ये कमाईचे सगळे विक्रम मोडले, तेव्हा थिएटरात शिरलेल्या प्रेक्षकांतल्या फार मोठ्या हिश्श्याची तंजिरो या नायकाशी ओळख आधीपासूनच होती. दोघांतलं बरंवाईट मी ठरवत नाही. ओळखीच्या पात्राच्या जिवावर बेतलं की ॲक्शनला आपसूक वजन येतं, इतकंच. 'रेडलाइन'ला ते वजन शून्यापासून, 102 मिनिटांच्या आत, तेही चित्रांमधून उभं करावं लागलं. ज्यांना ते पोचलं त्यांनी नंतर घरी डिस्क लावून, मित्रांना बसवून हा चित्रपट जिवंत ठेवला.

आधी काही बघावं लागतं का? पुढचा भाग आहे?

नाही, आणि नाही. स्पर्धकांतली ट्रावा आणि शिंकाई ही जोडी कोइके आणि इशी यांच्या आधीच्या 'ट्रावा' या लघुमालिकेतून आली आहे. ती बघितली नसली तरी काही अडत नाही.

मुलांना दाखवावा का?

लहान मुलांना नको. वर म्हटलेलं उघडं दृश्य आहे, हिंसा आहे, आणि सिगारेटचा धूर तर सतत. मोठ्या मुलांचं आईवडिलांनी आधी स्वतः बघून ठरवावं.

शेवट फारच भडक आणि बालिश आहे, असं म्हणतात. (बघितला नसेल तर हा प्रश्न सोडून द्या.)

शेवटच्या टप्प्यात जेपीच्या बरोबरीला उरतो तो मशीनहेड, आजवरचा विजेता. त्याचं शरीर यंत्राचं आहे आणि गाडीत शिरला की तो गाडीचाच भाग होतो. समोर जेपी आणि सोनोशी, साध्या हाडामांसाचे, एकाच गाडीत. वेग इतका चढतो की गाडी साथ सोडते, भाग एकेक करून उडून जातात, आणि दोघं हवेत फेकली जातात. अंतिम रेषा ती दोघं गाडीशिवायच ओलांडतात, एकमेकांना धरून, आणि तिथेच त्यांचं चुंबन.

भडक आहे, नाही कशाला म्हणू? पण पहिल्या शर्यतीचा शेवट त्याच्या शेजारी ठेवून बघा. तिथेही रेषेपाशीच गाडी फुटली होती. जेपी एकटा फेकला गेला होता आणि हरला होता. तोच प्रसंग, तोच स्फोट, तेच हवेत उडणं, फक्त या वेळी सोबत कोणीतरी आहे. पहिल्या प्रसंगात जी चित्रं पराभवाची होती तीच इथे विजयाची झाली. 'गोष्ट नाही' म्हणणाऱ्या माझ्या मित्रमंडळींना मी ही दोन दृश्यं लागोपाठ लावून दाखवते. सगळे पटून घेतात असं नाही, पण हुज्जत मात्र थांबते.

एकदा बघून झाला. पुन्हा बघताना कशाकडे लक्ष द्यावं?

हातांकडे. जेपीची स्टिअरिंगवरची पकड, फ्रिस्बीची सिगारेट धरायची ढब, सोनोशीचे गिअरवर घट्ट आवळलेले हात. आणि यलोलाइन सुरू व्हायच्या आधीची गर्दी एकदा आवाज पूर्ण बंद करून बघा. तेवढ्या वेळात गाडी दिसतही नाही, तरी सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळायला लागतात.